भिंतीवरच्या कॅमेऱ्यातून आलेला आवाज

“मास्तर ओसरीवर घोरून राह्यले होते. सूनबाईनं शाळेतून मोबाइलात पाह्यलं, कॅमेऱ्यातून आवाज देल्ला, म्हणून पोरगी वाचली.”

ही हकीकत आमचे शेजारी शेषराव रिठदच्या पानठेल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. ती चुकीची आहे. तेहतीस वर्षे मी विज्ञान शिकवले. रस्त्यातला उतारा ओलांडून पुढे जाणारा मी माणूस. अमानवीय म्हणून काही असते, हे मी कधी मानले नाही. तरीही जे घडले ते जसे घडले तसेच सांगितले पाहिजे.

सून केनवडला शिक्षिका, मुलगा वाशीमला नोकरीला. चार वर्षांची नात स्वरा दुपारी माझ्याकडे. सुनेच्या हाताशी वेळ नसतो, म्हणून तिने घरभर यंत्रे लावली. विहिरीच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर, स्वराच्या खोलीत भिंतीवर कॅमेरा. त्यातून ती शाळेत बसून पाहते, बोलतेसुद्धा. यंत्रांविषयी माझी तक्रार नव्हती... या घटनेच्या आदल्या दिवसापर्यंत. त्या दिवशी स्वराच्या खोलीत शेषरावांसमोर मी पेढा उचलला आणि भिंत बोलली, “मामाजी, तो पेढा ठेवा. तुमची शुगर वाढली हाये.” शेषराव पोट धरून हसले. “मास्तर, जिंदगीभर पोरायवर पहारा केला, आता तुमच्यावरच सुपरवायझर बसला.”

असो. मूळ गोष्टीकडे येतो.

आमच्याकडे शेतीची लाईन, म्हणजे वीज, ठरावीक वेळी येते. त्यामुळे मागच्या अंगणातल्या टाक्यात पाईप सोडायचा, झाकण थोडे सरकवायचे आणि आपल्या कामाला लागायचे. लाईन आली की स्टार्टर आपोआप मोटार सुरू करतो. त्या दुपारी झाकण मीच सरकवले होते. ती चूक मी नाकारत नाही.

दीडचा सुमार. स्वरा आत झोपलेली. मी ओसरीवर शब्दकोडे सोडवत होतो. झोपलो नव्हतो, अर्धे भरलेले ते कोडे मी जपून ठेवले आहे, कोणीही येऊन पाहावे. तेवढ्यात स्वराच्या खोलीतून सुनेचा आवाज आला.

“मामाजी, स्वरा टाक्यापाशी गेली. उठा.”

शेषराव या ‘उठा’वर बोट ठेवतात. बसलेल्या माणसालाही उठाच म्हणतात, हे त्यांना कोण सांगणार? आणखी एक. कॅमेऱ्यातून बोलण्याआधी टिंग वाजते, आवाज चिरका येतो. त्या दिवशी टिंग वाजली नाही. आवाज इतका स्वच्छ होता की सून लवकर परतली असे मला वाटले.

मी आत गेलो. अंथरूण रिकामे. मागचे दार उघडे. लाईन आली होती. पाईपमधून पाणी धो-धो पडत होते आणि स्वरा टाक्याच्या काठावर पालथी होऊन त्या धारेला हात लावू पाहत होती. पाय जमिनीवरून सुटलेले. हाक मारली असती तर दचकली असती. मी चपला काढल्या, अंगण ओलांडले... आणि फ्रॉकची मागची गाठ मुठीत धरली. त्याच क्षणी तिचे हात काठावरून निसटले.

संध्याकाळी मी सुनेचे आभार मानले. ती माझ्याकडे पाहतच राहिली.

“मी काई बोलली नाई, मामाजी. मी तं वर्गात होती. कॅमेरा सकाळपासून बंदच दिसून राह्यला. नेट गेलं असन.”



शेषरावांनी यावरही तोड काढली. “नेट घडीभर आलं असन. सूनबाई तुमची लाज राखून राह्यली, दुसरं काय?” यात माझी लाज एवढाच प्रश्न असता तर मी हे लिहिले नसते. पण त्यांचे ऐकून गावात आणखी दोन घरांनी तसाच कॅमेरा लावला. आता त्याच्या भरवशावर लेकरे घरात ठेवून माणसे वावरात जातात. म्हणून गप्प राहणे आता शक्य नाही.

तो आवाज कोठून आला, हे मला आजही सांगता येत नाही. कोठून आला नाही, हे मात्र मी शपथेवर सांगतो. त्या कॅमेऱ्यात बॅटरी नसते, तो भिंतीतल्या विजेवरच चालतो. आणि त्याचा प्लग वायरीसकट त्या सकाळी, सुनेची गाडी वळणाआड गेल्याबरोबर, मी उपटला होता. स्वराला टाक्यावरून उचलले तेव्हा तो माझ्या सदऱ्याच्या खिशात होता.