दोन सूत वर

माझा हात लवकर उठतो. हे मी कौतुकानं सांगत नाही. शाळेत एकाचा कान फाडला होता, ठाण्याला गवंडीकाम करताना एका मुकादमाच्या खांद्यात थापी घातली होती, आणि मोखाड्याच्या बाजारात भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, दाभोशाच्या एका जीपवाल्याचा दात पाडला. पहिल्या दोघांनी माझं काहीतरी वाकडं केलं होतं. तिसऱ्यानं काहीच केलं नव्हतं. माझ्या भावाची दोन बोटं त्याच्यामुळे गेली असं गाव समजतं, म्हणून त्याला बोटंखाऊ म्हणतात आणि त्याच्या जीपमध्ये बसायला बघत नाहीत. बोटं गेली ती माझ्यामुळे.

माझा थोरला भाऊ, दादा, मुंबईला वीस वर्षं खेळांच्या मशिनी दुरुस्त करायचा. पैसे टाकून खेळायची ती पार्लरं एकेक बंद पडली तसा तोही परत आला, आणि येताना तीन जुन्या पिनबॉलच्या मशिनी टेंपोत घालून, गाद्या गुंडाळून घेऊन आला. वहिनी म्हणाली की माणसं मुंबईहून फ्रीज आणतात. दादानं मोखाड्यात बाजाराच्या कडेला पत्र्याची शेड घेतली. पुढे मिक्सर, पंखे, मोटारी दुरुस्त करायचा आणि मागे त्या तिघी उभ्या. तिघीही पडद्यावाल्या मशिनींच्या आधीच्या, आकड्यांच्या चकत्या खटखट फिरणाऱ्या, खरी घंटा वाजवणाऱ्या. त्यांचा एक पार्टही आता कुठे मिळत नाही. दादा ते हातानं घडवायचा. केसाएवढ्या तारांची गुंडाळी उजव्या हाताच्या पाच बोटांत फिरवताना त्याला बघत बसावं.

बाजारादिवशी गर्दी व्हायला लागली. मग भात झोडून झालं की दरवर्षी स्पर्धा. आमच्याकडे क्रिकेटला बक्षीस म्हणून बोकड लावतात तसा इथंही बोकड. प्रत्येकाला तिन्ही मशिनींवर पाच-पाच गोळ्या, आणि शेवटचे दोघे सर्कशीच्या मशीनवर. तिच्या काचेवर चाबूकवाली बाई आणि दोन वाघ होते.

लांबून बघणाऱ्याला वाटतं, बटणं दाबायची, त्यात काय एवढं. पोलादी गोळी छत्रीच्या आकाराच्या खुंट्यांवर आपटत खाली येते, दोन पाती मारून ती वर फेकायची. पण गोळी नेमकी दोन पात्यांच्या मधोमध येते तेव्हा बटणांचा काही उपयोग नसतो. तेव्हा मशीनलाच धक्का द्यावा लागतो. कमरेनं, तळव्यानं, मांडीनं. खरा खेळ तोच, आणि तो मारामारीचाच आहे. माझ्या मांडीवर तेव्हा कायम काळेनिळे डाग असायचे आणि मला त्यांचा अभिमान होता.

धक्का किती, याचा हिशेब मशीन ठेवते. पेटीच्या आत एक तार लोंबते, तिला गाजराच्या आकाराचं पितळी वजन, आणि त्याभोवती कडी. धक्का जास्त झाला की वजन कडीला लागतं, दिवे जातात, पाती मरतात आणि गोळी सरळ खड्ड्यात. दादाला त्याचं इंग्रजी नाव ठाऊक होतं. मी पहिल्यांदा आत डोकावलो तेव्हा म्हणालो, अरे, हा तर ओळंबा. भिंत सरळ आहे का ते बघायला आम्ही गवंडी दोरीला बांधून सोडतो तो. तेच नाव पडलं. आणि मशीन बंद पडली की सगळे म्हणायचे, रुसली.

माझी सगळ्यात जास्त रुसायची. दोन वर्षं मी शेवटच्या दोघांत आलो आणि दोन्ही वर्षं त्या दाभोशाच्या जीपवाल्याकडून हरलो. तो जव्हार-मोखाडा जीप चालवायचा. शांत माणूस. मशीनला असा हलवायचा, जणू निजलेल्या पोराला कुशीवर वळवतोय. दुसऱ्या वर्षी माझी शेवटच्या गोळीला रुसली, तेव्हा तो हसत म्हणाला, "गवंडी असून तुला ओळंबा सांभालता येत नाय."

सगळी शेड हसली. त्याच्या मनात काही नव्हतं, आज मला ते कळतं. तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर, भिंतीला ओळंबा लावला की ते हसू मला ऐकू यायचं. माणूस इतका मूर्ख असू शकतो.

तिसऱ्या वर्षी मशिनी पातळीत आणायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे होतं. शेडची जमीन मागे उतरती, म्हणून मागच्या पायांखाली फरशीचे तुकडे सरकवून मी लेव्हल करायचो. दादा पुढे कुणाच्या मिक्सरशी झटत होता. मी सर्कशीच्या मशीनचं झाकण उघडलं, स्क्रू ढिला केला आणि ओळंबा दोन सूत वर घेतला. वर घेतला की निमुळता भाग कडीत येतो आणि वजनाला हलायला जागा मिळते. दोन सूत म्हणजे पाव इंच. भिंतीत पाव इंचाचा फरक मी माझ्या हाताखालच्या माणसाला कधी खपवून घेतला नसता.

शेवटच्या खेळाला आम्ही दोघेच उरलो, तो आणि मी. माझी पाळी आधी. मी त्या मशीनला अक्षरशः बडवलं. गुडघ्यानं मारलं, दोन्ही तळवे पेटीवर आपटले, एकदा तर पुढचे पाय उचलून खाली टाकले. ती रुसली नाही. छत्र्या ठणाठण वाजत होत्या, घंटा थांबत नव्हती, लोक ओरडत होते आणि मला ते मारणं आवडत होतं. दादानं एकदा कपाळाला आठी घालून माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली. आकडे इतके चढले की जीपवाला साध्या खेळानं ते गाठूच शकला नसता.

त्यानं डोळे मिटून घेतले नव्हते. आज मशीन सोसतेय हे त्यानं पाहिलं, आणि चौथ्या गोळीपासून तोही मारायला लागला. शांत माणूस मारायला लागला की त्याला अंदाज नसतो. मशीनचा मागचा पाय फरशीवरून सरकला. दादा पंच म्हणून मागच्या अंगाला स्टुलावर बसायचा, आणि पाय सरकला की चालू खेळातच हात घालून फरशी नीट करायचा. कैक वेळा केलं होतं. ओळंबा आहे तोवर कुणी एका मर्यादेपलीकडे मशीन हलवणार नाही, ही त्याची खात्री होती. त्यानं हात घातला, गोळी मधोमध आली, आणि जीपवाल्यानं सगळं अंग लावून धक्का दिला.

पाय उचलला गेला आणि खाली आला. त्या लोखंडी पायाला खाली अंगठ्याएवढा स्क्रू असतो, आणि वर सव्वाशे किलोची पेटी. दादा ओरडला नाही. त्यानं फक्त "उचला" म्हटलं. आम्ही उचललं तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पार चेचून फरशीला चिकटलं होतं, आणि आत घंटा अजून वाजत होती.

मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. मी जीपवाल्याला धरलं. केसांना धरून त्याचं तोंड काचेवर आपटलं, वाघांवर. काच फुटली नाही, दात तुटला. खाली पाडून बरगड्यांत लाथा घातल्या. "माझ्या भावाचा हात," असं मी ओरडत होतो, आणि प्रत्येक लाथेबरोबर मला आतून हलकं वाटत होतं, कारण ती लाथ बसत होती तोवर दोष त्याचा होता. त्यानं एकदाही हात वर केला नाही. आपण केलं असंच त्याला वाटत होतं.

लोकांनी मला ओढलं. बाहेर उभी जीप त्याचीच होती. त्यानंच ती चालवली, आधी सरकारी दवाखान्यात आणि तिथून नाशिकला. तोरंगणच्या घाटात दर वळणाला तो खिडकीतून रक्त थुंकत होता. मागे दादा टॉवेलात हात गुंडाळून माझ्या खांद्याला टेकलेला. नाशिकला दोन्ही बोटं काढली.

त्यानंतर दोन वर्षं मी गप्प राहिलो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी. दुसऱ्या आठवड्यात मी ओळंबा गुपचूप जागेवर आणला. बोटंखाऊ हे नाव कुणी काढलं माहीत नाही, पण मी ते ऐकलं आणि अडवलं नाही. स्टँडवर त्याच्या नंबरला माणसं पुढच्या जीपसाठी थांबायला लागली. अपशकून नको म्हणून लग्नाच्या वऱ्हाडाला त्याला कुणी बोलवेना. दादा डाव्या हातानं काम शिकला, अर्ध्या वेगानं.

मागच्या हिवाळ्यात दादा म्हणाला, यंदा पुन्हा स्पर्धा घेऊ. फक्त दाभोशाचा तो उभा राहणार नाही, लोकांना चालायचं नाही. तेव्हा मात्र माझ्यानं राहवेना. मी त्याला सगळं सांगितलं. दोन सूत, हेही सांगितलं. दादानं हातातला डाख द्यायचा काविया खाली ठेवला. मी गाल पुढे करून उभा होतो म्हटलं तरी चालेल.

"मला सांगून काय उपयोग," तो म्हणाला. "मार त्यानं खाल्लाय."

मी दाभोशाला गेलो. जीपवाला नदीच्या कडेला गाडी धूत होता. त्याच्या पुढच्या दाताची जागा रिकामीच होती. मी सांगितलं, आणि मार म्हणालो. मला खरंच मार हवा होता, मोकळं व्हायला. त्यानं फडका पिळला. मारून काय करू, असं तो म्हणाला. तू मला बाजारात मारलंस, तर सांगायचं तेही बाजारात सांग.

पुढच्या बाजाराला मी जीप स्टँडवर उभा राहिलो. तो आपल्या जीपला टेकून होता. मी मोठ्यानं सांगितलं की मशीनमध्ये मी फेरफार केला होता, दादाची बोटं माझ्यामुळे गेली, ह्याचा काही दोष नाही. लोक जमले. ऐकून घेतलं. मग शेजारच्या हॉटेलवाल्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, बघा, याला म्हणतात मन. ज्यानं भावाचा हात मोडला त्याच्या पोटासाठी हा स्वतःवर घेतोय.

मी म्हणालो, नाही, खरंच मी. माना हलल्या. एका म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. खरंच मी, खरंच मी, असं म्हणता म्हणता माझा आवाज चढला, आणि कळायच्या आत मी हॉटेलवाल्याची गचांडी धरून त्याला बाकड्यावर पाडलं होतं. मूठ वर होती. मागून कुणीतरी हळहळलं की भावाचं दुःख अजून गेलेलं नाही बिचाऱ्याचं.

मूठ जीपवाल्यानं धरली. तोच एकटा पुढे आला होता.

"राहू दे भाऊ," तो म्हणाला. "तू हातानं सांगितलंस ते समद्यांना पटलं. आता तोंडानं सांगतंस, ते कोन ऐकंल?"

त्यानं माझा हात सोडला आणि जीप सुरू केली. नंबर त्याचा होता, माणसंही उभी होती. तो रिकामी जीप घेऊन जव्हारकडे निघाला. आपण तरी तिच्यात बसायला हवं होतं, हे मला जीप वळणाआड गेल्यावर सुचलं. तोवर हॉटेलवाल्यानं कपडे झटकून माझ्या हातात चहा दिला होता, आणि तो मी प्यायलो.