सभेतल्या बायांची भिशी

निवडणूक आली का मी रोजीवर सभेले बसाले जातो. भेटलेले पैसे घरी पोचत नाहीत, रस्त्यातच त्याचा सावजी रस्सा होते.

बाजूच्या खुर्चीवर एक बाई रोज वाटाणे सोलत बसे, पन टाळी बरोबर जागी वाजवे. तिथल्या बायांनी भिशी टाकली होती. दर सभेले सगळ्यांची रोजी एकीले. हिची पाळी शेवटच्या सभेले होती, शिलाई मशीन घ्याची होती.

त्या दिवशी नेत्याचं हेलिकॉप्टरच आलं नाही. सभा रद्द, रोजी रद्द.

"आता वं बाई?" मी म्हटलं.

"पडलेला नेता पाच वर्षं थांबते. मी महानगरपालिकेच्या निवडणुकीपर्यंत थांबीन. पयली पाळी माईच."

"मले बी घ्या न भिशीत."

तिनं माया हातातला तंबाखू-सुपारीचा खर्रा पाह्यला. "घेऊ न गा. पन सभेले तुया बायकोले पाठव."