मामांचे झुले

जगातल्या कुठल्याही दुखण्यावर, भांडणावर किंवा संकटावर एकच उपाय असतो आणि तो दोन टोकांना बांधता येतो, असं माझ्या बायकोच्या मामांचं ठाम मत आहे. उपाय म्हणजे झुला. आपला पितळी कड्यांचा झोपाळा नव्हे. त्याला मामा 'टांगलेला पाट' म्हणतात. त्यांचा झुला कापडाचा किंवा दोरीच्या जाळीचा, दोन झाडांमध्ये बांधायचा, ज्याला बाकीचं जग हॅमॉक म्हणतं तो. मामा पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनियर, लग्न न केलेले, पुण्यात एकटे राहणारे. इतका आरामाचा छंद असलेला माणूस स्वभावाने निवांत असेल असं वाटतं, पण तसं अजिबात नाही. घराबाहेर पडताना ते कुलूप ओढून बघतात आणि मग शेजाऱ्यांनाही ओढून बघायला लावतात. झुल्याचंही तेच. बांधल्यावर त्यात आधी तांदळाची पोती ठेवायची, मग त्यांवर पाण्याने भरलेली बादली, आणि एवढं होऊनही स्वतः कधी त्यात आडवं व्हायचं नाही. "गाठीचा भरवसा नाही," ते म्हणायचे आणि दुसऱ्याला त्यात झोपवायचे.

हे मामा त्या वर्षी ट्यूलिप बघायला म्हणून आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, फोरबर्गला आले. केतकीला, म्हणजे माझ्या बायकोला, तेव्हा सातवा महिना होता आणि बाळंतपणासाठी मागून सासूबाई येणार होत्या. ट्यूलिप उमलायच्या आत कोरोना आला आणि विमानं बंद झाली. सासूबाई पुण्यात अडकल्या आणि मामा आमच्याकडे. पहिलं बाळंतपण, परका देश, दारासमोरून द हेगकडे रिकाम्या जाणाऱ्या ट्राम, आणि घरातलं एकमेव वडीलधारं माणूस म्हणजे हे, ज्यांच्या बॅगेत स्वेटर एक आणि झुले तीन.

घर भाड्याचं, भिंतीला भोक पाडायची सोय नाही. मामांनी माळ्याच्या लाकडी तुळया हेरल्या. माझं ऑफिस आता त्याच माळ्यावर होतं, त्यामुळे माझ्या प्रत्येक मीटिंगमध्ये मागे काहीतरी लोंबत असायचं. एक ब्राझीलकडचा, जाड सुती कापडाचा आणि झालरीचा. एक मेक्सिकोच्या पद्धतीचा, इतक्या बारीक दोऱ्याचा की घडी करून खिशात मावेल. तिसरा जुन्या खलाशांसारखा, कॅनव्हासचा. खलाशी दिवसा त्यांच्या गुंडाळ्या करून जहाजाच्या कठड्यावर रचून ठेवत, म्हणजे लढाईत गोळ्या त्यात अडकत, हे मामा मोठ्या समाधानाने सांगायचे. माणसाला झोपवतो आणि वाचवतोही, यापेक्षा आणखी काय पाहिजे? दोन्ही टोकांना लाकडी दांडी असलेल्या, बागेत शोभेला बांधतात त्या झुल्यावर मात्र त्यांचा राग होता. तो माणसाला उलटा पाडतो. खऱ्या झुल्यात तिरकं झोपायचं, म्हणजे पाठ सपाट राहते, हे त्यांनी मला, केतकीला आणि कुंपणापलीकडच्या डच आजींनाही शिकवलं. त्या आजींना झुल्यासाठीचा 'हांगमात', म्हणजे टांगलेली चटई, हा शब्द अस्सल आपला वाटत होता. मामांनी त्यांना सुरक्षित अंतरावरून, मोठ्या आवाजात समजावलं की हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा. तुमच्या पूर्वजांनी तो अर्धवट ऐकला आणि आपल्या भाषेत बसवून टाकला. आजींनी दुसऱ्या दिवशी कुंपणावर सफरचंदाचा केक ठेवला. मामांनी तो आधी ओव्हनमध्ये पुन्हा भाजला.

दिवस भरत आले तशी घरातली काळजी वाढत गेली. बातम्या लावल्या की त्रास, बंद ठेवल्या की जास्त त्रास. एका संध्याकाळी मामांनी मला जिन्यापाशी बोलावलं. इथले जिने शिडीसारखे उभे. मामांच्या हातात कॅनव्हासचा झुला आणि पडद्याची दांडी होती. अँब्युलन्स वेळेवर आली नाही तर केतकीला झोळीतून खाली न्यायचं, त्याचा सराव करायचा होता. केतकीच्या जागी मला झोपवून त्यांनी दांडीचं एक टोक खांद्यावर घेतलं आणि दुसरं आमच्या पोटुशा केतकीने धरावं असं सुचवलं. ती हसत हसत खालीच बसली. मामा हसले नाहीत. दांडी खाली ठेवून त्यांनी सांगितलं की नोकरीच्या सुरुवातीला, धरणाच्या पाहणीसाठी डोंगरात असताना, पाड्यावरची एक अडलेली बाई चार माणसांनी घोंगडीच्या झोळीत घालून सडकेपर्यंत आणली होती. मामांनी एका बाजूला खांदा दिला होता.

"वाचली?" केतकीने विचारलं.

"जीपमध्ये घातली तेव्हा जिवंत होती," मामा म्हणाले. "पुढचं मला कळलं नाही."

त्यानंतर आम्ही त्या सरावाला नाही म्हटलं नाही.

प्रत्यक्षात कळा सुरू झाल्यावर केतकी स्वतःच जिना उतरली आणि टॅक्सीत बसली. मुलगी झाली, सुखरूप. मामांनी तिच्यासाठी केतकीच्या सुती साडीची झोळी बांधून ठेवली होती. बाळंतिणीकडे बघायला घरी येणाऱ्या डच नर्सने ती बघून मान हलवली: एवढं लहान बाळ सपाट, घट्ट गादीवर, उताणंच झोपवायचं. आता मामा तिला बेटांपासून सुरू करून सगळा इतिहास ऐकवणार म्हणून मी जरा धास्तावलो. त्यांनी मला फक्त विचारलं, "बाळाला धोका आहे म्हणते का?" मी हो म्हटलं. त्यांनी लगेच गाठ सोडली, साडीची घडी केली आणि कपाटात ठेवली.

मग मला ताप आला. टेस्टचा निकाल येईपर्यंत मी माळ्यावर एकटा, नर्सने येणं थांबवलेलं, आणि खाली ओली बाळंतीण, तान्ही मुलगी आणि सत्तरीच्या घरातले मामा, ज्यांना खरं तर सगळ्यात जास्त भीती होती. मला वाटलं, हे आता कोलमडतील. पण खिडकीतून दोरी सोडायला सांगून त्यांनी मला खिमट आणि काढ्याचा थर्मास पाठवला. केतकीला हळिवाची खीर करून घातली, ती सासूबाईंकडून फोनवर एकेक पायरी विचारत. बाळाचे लंगोट धुतले. आणि झुल्याचं एक टोक जिन्याच्या कठड्याला, दुसरं माळ्याच्या शिडीच्या खांबाला बांधून ते केतकीच्या दाराबाहेर चक्क आडवे झाले. तांदळाची पोती नाहीत, बादली नाही. मी फळीच्या फटीतून खाली बघितलं तर मामा दोन्ही हातांनी झुल्याच्या कडा घट्ट धरून, डोळे सताड उघडे ठेवून पडलेले.

"मामा, आत सोफ्यावर पडा," मी वरून म्हटलं.

"तिने हाक मारली तर सोफ्यापर्यंत ऐकू येत नाही," ते म्हणाले. "जावईबापू, तुम्ही झोपा. मी आहे."

निकाल आला तेव्हा साधा ताप निघाला. मामा झुल्यातून उतरले ते केतकीचा हात धरून.

उन्हाळ्यात त्यांना परतीच्या विमानात जागा मिळाली. विमानतळाच्या आत फक्त प्रवाशांना सोडत होते, म्हणून निरोप दारातच घ्यावा लागला. बाळ जन्मल्यापासून मामांनी तिच्यासमोर मास्क एकदाही उतरवला नव्हता. जेवायचेसुद्धा ते तिच्याकडे पाठ करून. केतकी म्हणाली, "मामा, जाताना एकदा तरी तिला चेहरा दाखवा." मामा बरेच मागे सरकले, वारा कुठून येतोय ते बघितलं आणि मास्क खाली ओढला. पांढऱ्या मिशा, आत गेलेले गाल. इतक्या दिवसांत ते किती वाळले होते हे आम्हालाही तेव्हाच दिसलं. ते तिच्याकडे बघून हसले. तिने क्षणभर निरखलं, ओठ काढले आणि जोरात रडायला लागली. तो माणूस तिच्या ओळखीचा नव्हता. मामांनी घाईने मास्क वर चढवला. ती हुंदका देत थांबली आणि त्यांच्या डोळ्यांकडे टक लावून बघत राहिली.

"ओळखलं," मामा मास्कच्या आतून म्हणाले. मग मास्कची कड नाकावर दाबून घेत, सामानाची गाडी ढकलत आत गेले.