बत्तीचं तोंड

ओरछा गेटच्या गॅरेजात भेटलेल्या त्या बाईंचा आवाज पार दूरच्या चिरगाँवपर्यंत सहज गेला असेल. त्यांच्या व्हॅनमधून शाळेची पोरं जायची आणि ब्रेकच्या एबीएसचा दिवा पेटलेला.

"एबीएस का मॉड्यूल गया, मॅडमजी, नया महँगा पड़ेगा. बल्ब निकाल दूँ? बत्ती दिखेगी ही नहीं," मेकॅनिक म्हणाला.

"बत्ती सच बोल रही है भैया, उसी का मुँह बंद करोगे?"

बाईंनी चाकापुढेच स्टूल मांडून डबा उघडला. त्यांना हलवायला रेल्वेची क्रेनही पुरली नसती! झक मारत त्यानं चाकापर्यंतची वायर तपासली, तर ती उंदरांनी कुरतडलेली. जोडताच दिवा विझला.

तरी बाईंनी चावी काढून पुन्हा फिरवली. दिवा क्षणभर पेटला आणि आपोआप विझला. म्हणजे बल्ब जागेवर होता.

"हाँ," डबा बंद करत त्या म्हणाल्या, "अब खुद चुप हुई."