बाबांचा न्युमोनिया अन् पत्त्यांची मंडळी

दुखणेकरी घरी आला की दवाईपेक्षा किस्सेच जास्त जमा होतात. आमच्या आर्णीच्या घरी तर पोतंभर झाले! लकव्यानंतर बाबांचा घास श्वासनळीत गेला, न्युमोनिया झाला. सुट्टी देताना डॉक्टरनं बजावलं, "हे पलटू शकते, म्हणजे पुन्हा होऊ शकते. जरा वेगळं वाटलं की घेऊन या." मले तर धडकीच भरली. पण बाबांची पत्त्यांची मंडळी, गणूभाऊ, गुरुजी अन् रामधनकाका, दारात हजर!

*

आमच्याकडं भेटाले येणारा दुखणेकऱ्याले आपल्या हातानं दोन घोट पाजल्याशिवाय जात नाही. गणूभाऊनं झोपलेल्या बाबांच्या ओठाले थेट बशी लावली. आई धावली.

"गणूभाऊ, चहा यायच्या पोटात जाऊ द्या, छातीत नाही! बसवा आधी, अन् नंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका!"

तवापासून गणूभाऊ स्वतःच्या घरीही चहा पिऊन अर्धा तास आडवे होत नाहीत.

*

गुरुजींनी थर्मामीटर ताब्यात घेतलं. ताप नसला की म्हणत, "पास!"

मी म्हटलं, "गुरुजी, म्हाताऱ्या माणसाले ताप न येताही न्युमोनिया राहू शकते. श्वास पाहा, धाप पाहा."

मंग काय बाप्पा! गुरुजी बाबांच्या पोटाकडं टक लावून बसले. बाबा वैतागले, "मास्तर, मी कुठी पळून नाही जाऊन राह्यलो!"

*

पाणी पिल्यावर आवाज घरघरला तरी धोका. म्हणून रामधनकाका तांड्यावरून रोज फोन करत. "त्याले मले एक शिवी देऊ दे."

बाबा मनसोक्त देत. काका खुश, "आवाज साफ हाये!"

*

एका दुपारी रामधनकाकाही तांड्यावरून आले होते, डाव रंगला होता. ताप नाही, खोकला नाही. बाबा जरा सुस्त, मले वाटलं थकले असतील. अचानक रामधनकाकानं पत्ते खाली टाकले.

"ऑटो बोलवा!"

"काहून? काय झालं?"

"आधी ऑटो बोलव, पोरी!"

दवाखान्यात बोटाले मशीन लावली, तर ऑक्सिजन उतरलेला! न्युमोनिया पलटला होता. उशीर झाला असता तर बाबा हाती लागले नसते. आज ते अंगणात बसून माझ्या भाजीले नावं ठेवतात, ते या तिघांमुळं. त्यायचे उपकार या जन्मी फिटत नाहीत.

डॉक्टरनं तवाच विचारलं होतं, "ताप नाही, खोकला नाही. तुम्हाला कळलं कसं?"

गणूभाऊनं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी रामधनकाकाकडं. शेवटी रामधनकाका म्हणाले,

"डॉक्टरसाहेब, जेवण झाल्यापासून खेळून राह्यलो, अन् या माणसानं एकही पत्ता चोरला नाही!"