हरलेल्यांची वल्ही

साक्रीहून धुळ्याला जाणाऱ्या मोटारीवर माझी ट्रंक आबांनी स्वतः चढवली. आई रडत होती. आबांचं लक्ष रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या नानाकाकांकडे होतं. दोघे सख्खे भाऊ, पण शेताच्या बांधावरून कोर्टात गेलेले. काकांना ऐकू जाईल अशा बेतानं आबा मला म्हणाले, "शिकीसन ये. मंग पाहू त्यासले." माझ्या शिक्षणाचा हेतू गावाला असा समजला. मलाही तेव्हाच समजला.

मी पुण्यात इंजिनियरिंगला आलो. गावची आमची नदी पांझरा. उन्हाळ्यात तिच्यातून बैलगाडी चाक न भिजवता जाते. इथली नदी अडवलेली, रुंद, आणि तिच्यात होड्यांच्या शर्यती. हा खेळ साहेबानं विलायतेहून आणला. सोबत बँड, निशाणं, बक्षीस द्यायला येणाऱ्या मडमेसाठी गालिचा, आणि जुन्या विजेत्यांची सोनेरी अक्षरांतली नावं मिरवणारी फळीही आणली. त्या फळीपुढून जाताना मुलं हळू बोलत. मला हसू येई.

होडीत बसल्यावर हसू गेलं. आम्ही चौघे वल्हेकरी, चौघांचीही पाठ शर्यतीच्या शेवटाकडे. पुढचं दिसतं ते फक्त सुकाणू धरणाऱ्याला. आमच्यात एक पारशी, एक सरदाराचा मुलगा, एक भिक्षुकाचा. जमिनीवर आम्ही एका पंक्तीला बसलो नसतो. कित्येक आठवडे वल्ही एकमेकांवर आपटली, शिव्या झाल्या. मग एका सकाळी चारही वल्ही एकदम पाण्यात गेली आणि होडी आमच्याखालून निसटतेय की काय असं वाटलं.

त्याच हिवाळ्यात आबा धुळ्याच्या कोर्टात हरले आणि मला न्यायला पुण्याला आले. बांध आता अंगबळानं सरकवायचा बेत होता. वल्ह्यांनी रुंद झालेले माझे खांदे चाचपून ते खूष झाले. शिक्षणाचा उपयोग त्यांना प्रथमच दिसला. दुसऱ्या दिवशी शर्यत होती. ती झाली की निघायचं, कॉलेज बंद. मी मान हलवली. आबांना नाही म्हणायची आमच्या घरात रीत नव्हती.

आबा पागोटं बांधून काठावर, गालिच्यापासून लांब उभे राहिले. आम्ही जीव तोडून वल्ही मारली आणि थोडक्यात हरलो. तिथला रिवाज असा, की हरलेल्यांनी जागीच थांबून सलामीला वल्ही सरळ उभी धरायची आणि जिंकलेली होडी समोरून जाऊ द्यायची. मला तो साहेबी नखरा वाटे. त्या दिवशी धाप छातीत मावत नव्हती. चार वल्ही उभी राहिली, त्यांवरचं पाणी आमच्या डोक्यांवर ओघळलं, आणि समोरून जाणाऱ्यांनी माना लववल्या. मी पुष्कळ देवळांत हात जोडलेत. असं कुठे वाटलं नव्हतं.

"हारनात ना?" आबांनी विचारलं. मी हो म्हटलं.

"मंग सलाम काबर?"

मी सांगितलं, ते आमच्यापेक्षा चांगले होते म्हणून. आम्ही स्टेशनावर गेलो. खिडकीशी त्यांनी एकच तिकीट मागितलं.

"तू आठेच ऱ्हाय," ते म्हणाले. "बांध काही पयी जास नही."

बांध पळून जाणार नाही, हे त्यांना आयुष्यात प्रथमच सुचलं असावं.

पुढच्या पोळ्याला आबांनी तोरणाशी आपली बैलजोडी थांबवली, बाजूला उभं राहून हात जोडले आणि नानाकाकांची जोडी आधी जाऊ दिली. सगळं गाव बघत होतं. नानाकाकांना वाटलं, नवा दावा येतोय. ते धुळ्याला जाऊन वकिलाला विचारून आले. वकिलालाही कलम सापडलं नाही. मग ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. दोघे काय बोलले ते आईलाही कळलं नाही. चहा मात्र दोनदा झाला.

मी पुण्यातच राहिलो. आता आबा नाहीत, नानाकाका थकलेत. दोन्ही शेतं त्यांचा मुलगा कसतो आणि मधल्या बांधावर तूर लावतो. तिच्या शेंगा कोणाच्या, हे अजून कोणी विचारलेलं नाही. घराची आठवण आली की हल्ली मला घराच्या आधी ती तूर दिसते.