सरांनी लावलेला फ्लेक्स

आमच्या कॉलेजातले बास्केटबॉलचे सर समोरच्या माणसाच्या तोंडाकडे आधी कधी बघायचे नाहीत. आधी बघायचे डोक्याच्या वर, दाराच्या चौकटीपर्यंत किती जागा उरली ते. मग पावलांकडे. आणि समोर मुलगी असली की पहिला प्रश्न ठरलेला, "आई किती उंच आहे गं तुझी?"

एकाच गोष्टीकडे बघत जगणारी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आमच्या गल्लीतला टेलर लोकांना खांद्यांवरून ओळखतो, चेहऱ्यावरून गोंधळतो. त्यातलेच हे.

प्रवेशाच्या दिवसांत सर फीच्या खिडकीजवळ खांबाला टेकून उभे राहायचे आणि रांगेवरून नजर फिरवायचे. स्वतः ताडमाड, त्यात ती रोखलेली नजर. आयांनी पोरींना जवळ ओढलं नसतं तरच नवल. तक्रारी प्राचार्यांच्या कानावर गेल्या आणि त्यांनी तोडगा काढला तो म्हणजे मी. मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. "मुलींच्या संघाबरोबर बाईमाणूस लागतंच, तुम्ही जात जा," असं मला सांगण्यात आलं. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. चेंडू जाळीतून गेला की कधी दोन गुण मिळतात, कधी तीन, हा मला बरेच दिवस पंचांचा पक्षपात वाटत होता.

सर मूळचे लातूरकडचे. उंचीच्या जोरावरच त्यांना इथल्या एका कंपनीत नोकरी लागली होती. तेव्हा कंपन्या आपापले संघ बाळगायच्या. सकाळी मशीनवर, दुपारनंतर मैदानावर. ते दिवस सांगताना सरांचा आवाज बदलायचा. मग कंपनीत नवे साहेब आले आणि त्यांनी विचारलं, या संघातून उत्पादन काय निघतं? संघ गेला, मैदानावर साहेबांच्या गाड्या लागू लागल्या आणि सर तिन्ही शिफ्टमध्ये लाइनवर उभे राहिले. पुढे स्वेच्छानिवृत्ती घेऊन, प्रशिक्षकाचा कोर्स करून ते आमच्याकडे आले. तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे दर वर्षी नव्याने नेमणूक, दर वर्षी धाकधूक.

तक्रार मात्र कधी नाही. चेंडू झिजून गुळगुळीत झालेत. "असू द्या." ऐन सरावाच्या वेळी मैदानावर परीक्षेचे बाक रचून ठेवलेत. "असू द्या, ताई. बाकांना वळसा घालून पळायला शिकतील." मला चीड यायची. एकदा मी म्हटलंसुद्धा, "सर, तुम्ही जरा आवाज चढवत जा हो." तर म्हणाले, "चढवला होता एकदा, कंपनीत. दुसऱ्या दिवसापासून नाइट."

आवाज चढायचा तो फक्त पोरींवर. सराव करताना कोणी आळस केला की सरांची शहरी भाषा गळून पडायची. "काय करलालीस गं! झोपलीस का उभ्या उभ्या?" पोरी खुसखुसायच्या आणि जोरात पळायच्या.

उंच मुलगी मिळवणं म्हणजे तिच्या घरी जाणं, आणि ते माझ्याशिवाय व्हायचं नाही. पिंपळे गुरवपासून मोशीपर्यंत किती घरांतला चहा आम्ही प्यायलो असू. सगळीकडे आयांचं दुखणं एकच. उंच पोरीला नवरा मिळत नाही. बायोडेटात उंची दोन इंच कमी लिहितात, बघायला कोणी येणार असलं की पोरीला पोक काढून बसायला सांगतात. सर हे ऐकून कळवळायचे. "अहो, देवानं दिलेलं कमी करून सांगता?" असं म्हणायचे आणि मग घरातल्या कर्त्या माणसाकडे बघून चहाचा कप तोंडाला लावायचे.

ऋतुजा अशीच मोशीतल्या एका घरातून आणलेली. जुनं गावकीचं घर. जमिनी गेल्या, बंगला आला, दारात मोठी गाडी आली, आणि वडिलांना नगरसेवक व्हायचे वेध लागले. माणूस दिलदार. संघाला जर्सी हव्यात म्हणताच आठवड्यात आणून दिल्या. पाठीवर खेळाडूचा नंबर आणि पोटावर हात जोडलेला त्यांचाच फोटो, खाली 'शुभेच्छुक'. पोरी त्या घालून खेळल्या. समोरच्या संघाची पोर उडी मारायची ती थेट भावी नगरसेवकांच्या तोंडावर. मी हसून हसून बेजार. सर म्हणाले, "असू द्या. कापड चांगलंय."

पण ऋतुजा खेळायला लागली की हसणं थांबायचं. मला खेळ कळत नाही, तरी हे कळायचं. चेंडू तिच्याकडे गेला की बाकीच्या चौघी नीट श्वास घ्यायच्या. सरांच्या हाताखालून एकही मुलगी विद्यापीठाच्या संघात गेली नव्हती. ही जाईल, हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण तिच्या प्रत्येक सर्दीची त्यांना खबर असायची.

शेवटच्या वर्षाला तिचं नाव विद्यापीठाच्या सराव शिबिरासाठी आलं. शिबिर बाहेरगावी, राहायला तिथेच. वडील मागे सरले. "सर, इथं कितीबी खेळू द्या. पण भायेर ऱ्हायाचं म्हंजी, न्हाई जमायचं."

सर घरी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी राजकारण केलं. दुसऱ्या दिवशी मला घेऊन फ्लेक्सच्या दुकानात. ऋतुजाचा उडी मारतानाचा फोटो स्वतः निवडला, मजकूर स्वतः लिहिला. मोशीच्या चौकात तो भलामोठा फ्लेक्स लागला. वर ऋतुजा हवेत, खाली वडिलांचा हसरा फोटो आणि 'गावची वाघीण विद्यापीठाच्या शिबिरात'. "फ्लेक्स लागला की बाप मागं फिरत नाही," सर मला म्हणाले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आणि खरंच, लोक वडिलांना थांबवून अभिनंदन करू लागले. ऋतुजा शिबिराला गेली. तिथून निरोप आला की पोरगी चांगली आहे, आंतरविभागीय स्पर्धेत नीट खेळली की विद्यापीठाच्या संघात नाव नक्की.

पण फ्लेक्स काय फक्त मोशीकरांनीच वाचायचा असतो? चाकणच्या पलीकडचं एक कुटुंब आळंदीला दर्शनाला निघालं होतं. शेतात गोडाऊनं बांधून कंपन्यांना दिलेली, मुलगा इंजिनिअर आणि सहा फुटांच्या वर. त्याच्या आईला उंच सून मिळत नव्हती. तिने सिग्नलला गाडीतून मान वर केली आणि ऋतुजा बघितली. "आमी तर फ्लेक्सवरच पसंत केली पोरगी," असं त्या बाई साखरपुड्यात सगळ्यांना कौतुकाने सांगत होत्या. त्यांना सांगताना फार आनंद होत होता. मी सरांकडे बघायचं टाळलं.

कोणावर चिडावं? मुलगा चांगला, माणसं चांगली, हुंडा नाही, काही नाही. ऋतुजालाही तो आवडलेला. सरावाला आली तेव्हा लाजत म्हणाली, "सर, ते म्हणालेत, घरामागे मोठं शेड आहे, तिथे रिंग लावून देतो."

सर म्हणाले, "रिंग लावतील गं. बाकीच्या चौघी कुठनं आणतील?"

पोरीने खाली वाकून बुटाची लेस बांधायला घेतली. सरांना लगेच वाईट वाटलं. "चांगला आहे म्हणा मुलगा. विचारलं तरी त्यानं," असं काहीतरी पुटपुटले आणि चेंडू गोळा करायला गेले.

त्यातून स्पर्धेची तारीख आली. नाशिकला. आमचा सामना नेमका तिच्या हळदीच्या दिवशी. आम्ही दोघं पुन्हा मोशीला गेलो. वडिलांनी सरांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं.

"दोन दिवस लग्न पुढं ढकलता येईल का?" सरांनी विचारलं. एवढं वाक्य बोलायला त्यांना घोटभर पाणी प्यावं लागलं.

"सर, तुमचा शबुद मी मोडीन व्हय? पण लॉनच मिळंना. आता सोडलं तर पार दिवाळीनंतरची तारीख सांगतोय त्यो. पत्रिका वाटल्यात. पावन्यांनी रजा टाकल्यात."

"मी लॉन शोधून दिलं तर?"

वडील हसले नाहीत. "बघा," म्हणाले. त्यांनाही मनातून वाईट वाटत असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारभर सर स्टाफरूममध्ये बसून देहू, आळंदी, चाकणच्या मंगल कार्यालयांना फोन लावत होते. "हॅलो, लग्नासाठी पाहिजे होतं. नाही, माझ्या मुलीचं नाही. माझ्या खेळाडूचं." पलीकडचा माणूस गोंधळायचा. कुठेच तारीख नव्हती. शेवटी त्यांनी हिय्या करून मुलाच्या आईला फोन केला. त्या गोडच बोलल्या. "अहो सर, खेळ काय, पुढच्या वर्षी पण असतोयच की." ऋतुजाचं ते कॉलेजातलं शेवटचं वर्ष होतं. सर "हो, हो" म्हणाले आणि फोन ठेवला. मला त्या क्षणी सरांचा राग आला, आणि तरी मीही त्या बाईंना परत फोन लावला नाही.

पुढच्या वर्षी मुलींचा संघ उभा राहिला नाही. संघ नाही म्हणून सरांची नेमणूक झाली नाही. ते लातूरला परत गेले. फी भरायच्या खिडकीशी आता कोणी कोणाच्या डोक्याकडे बघत नाही. त्यांची आठवण निघाली की लोक बऱ्याच गोष्टी सांगतात, पण मला ते दिसतात ते नाशिकला, त्या सामन्याच्या दुपारी.

आम्ही हरत होतो. हे पहिल्या काही मिनिटांतच माझ्यासारखीलाही कळलं होतं. इतक्यात माझ्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल आला. ऋतुजा. गालांना हळद, कपाळाला मुंडावळ्या, मागे बायकांची गाणी.

"ताई, मॅच दाखवा ना. प्लीज."

मी फोन मैदानाकडे धरला. लगेच आतून आवाज आला, "अगं पूजा, डावीकडे! डावीकडे मोकळं आहे!" पूजाने दचकून इकडे पाहिलं. सर बाकावरून उठले, माझ्या हातातून त्यांनी फोन घेतला आणि आपला लांब हात पार वर नेऊन मैदानाकडे धरला, तिला सगळं दिसावं म्हणून.

"सर, टाइमआउट घ्या!" फोन ओरडला. सरांनी टाइमआउट घेतला. मुली जवळ आल्या तेव्हा त्यांनी फोन खाली आणून मध्ये धरला आणि पाचही जणी त्या हळदीच्या तोंडाभोवती वाकल्या. तीच बोलत होती, भराभर, मागच्या गाण्यांवरून आवाज चढवत. पंचाने एकदा इकडे रोखून पाहिलं आणि मान फिरवली.

पुन्हा खेळ सुरू झाला. सरांनी पुन्हा हात वर नेला. थोडा वेळ मुली खरंच बऱ्या खेळल्या. मग फोनमधून एका बाईचा मोठा आवाज आला, "अगं ऊठ, उष्टी हळद आली तिकडनं! दे त्यो फोन हिकडं." मांडवाचं छत गरकन फिरलं, कॉल तुटला आणि स्क्रीन काळी झाली.

मी बाजूलाच होते, मला दिसलं. सरांचं लक्ष मैदानावर होतं. हात भरून आला असणार, म्हणून त्यांनी कोपराला दुसऱ्या हाताचा आधार दिला. चेंडू पलीकडे गेला की ते फोन जपून पलीकडे वळवत होते, अलीकडे आला की अलीकडे. मधूनच हळू आवाजात तिला काहीतरी समजावून सांगत होते. सामना संपेपर्यंत मी त्यांना काही सांगितलं नाही.